रिकामी गाडी मापायची नाही

बसा दादा, त्या खाटेवर बसा. लाईट गेली की कंप्रेसर बंद, आणि कंप्रेसर बंद म्हटल्यावर तुमच्या टायरात मी काय तोंडानं हवा फुंकू? येईल लाईट. तोवर कंदील लावते, चहा टाकते. एकच सांगणं आहे. तिकडं शेडात ताडपत्रीखाली जी गाडी उभी आहे, तिला टेकू नका. बघायची हौस असली तर उजवीकडनं बघा. डावीकडं जाऊ नका.

का, ते सांगते. लाईट येईपर्यंत होईल सांगून.

हे गॅरेज माझं आणि मालकांचं. मालक म्हणजे माझे यजमान, गोरोबा. ते इंजिन बघतात, मी चाकं बघते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गाडी फाटकातनं आत येताना तिचं चाक कुठं बघतंय ते मला दिसतं. "बाईमाणूस काय अलायमेंट करणार" म्हणणारे लई आले. माझ्या शिव्या खाल्ल्या आणि गाडी सरळ करून घेऊन गेले.

ती गाडी तुळजापूरच्या चंद्रप्रभाबाईंची. हायस्कूलात गणित शिकवायच्या. त्यांच्या वडलांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून घेतलेली. विलायती, दोनच माणसांची, डोक्यावर छत नाही. चाकांना सायकलीसारख्या तारा, लांबलचक बॉनेट, त्याच्यावर कातडी पट्टा. रंग बाटलीसारखा हिरवा. जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसून हात खाली सोडला तर रस्त्याला लागावा. पहिल्यांदा फाटकात आली तेव्हा मी तोंडावर बोलले, "बाई, ही गाडी हाय का घसरगुंडी?"

बाई हसल्या नाहीत. अंगानं भरदार, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, दाढेत वेलदोडा. म्हणाल्या, "धुरपता, शेजारी बस. मग बोल."

बसले. रामलिंगच्या घाटात नेलं मला. दादा, मी ट्रॅक्टरवर बसलेय, जीपच्या टपावर बसलेय, यष्टीत तर जन्म गेला. त्या सगळ्या गाड्या रस्त्याच्या वरनं जातात. ही रस्त्याच्या आतनं जात होती. खडी न् खडी माझ्या पाठीला कळत होती. वळण आलं की बाई आधी ब्रेक लावायच्या, क्लच दोनदा दाबायच्या, मधे ॲक्सिलेटरला एक टिचकी, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा खाली. मग वळणात काहीच करायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या. गाडी आपली आपण मागची कंबर हलवून वळायची, अशी ठसक्यात, की मी नववारीतली म्हातारी पोर होऊन ओरडले, "आजून एकदा, बाई!"

"हातानं नाही चालवायची ही," बाई म्हणाल्या. "कमरेनं ऐकायची. वळणाच्या आधी सगळं उरकून घ्यायचं. वळणात नुसतं बसायचं."

अशी बाई मी दुसरी बघितली नाही. उगीच सांगत नाही. मला कुणाचं कौतुक सहजासहजी जमत नाही, मालकांना विचारा.

तर बाईंनीच आम्हाला ही गाडी शिकवली. त्या शेडातली शहाबादी फरशी बघा सकाळी, नळीत पाणी धरून एका पातळीत बसवून घेतली त्यांनी, गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून. दोन्ही अंगांना पाइप ठेवून दोरी ताणायची आणि दोरीपासनं चाकाच्या कडा मापायच्या. पुढं हवा जराशी कमी, मागं जराशी जास्त. शॉकअपात तेल घालायचं, तेही उन्हाळ्यात जाड, थंडीत पातळ. मालक रबरी नळीचं एक टोक कानात घालून दोन्ही कार्बोरेटरचं फुसफुसणं ऐकायचे आणि एक ओरडतंय, एक कुजबुजतंय म्हणत स्क्रू पिळत बसायचे. दोन्हींचा आवाज सारखा होईपर्यंत बाई चहाला हात लावायच्या नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आम्ही जीपा रिकाम्याच मापायचो. बाईंनी पहिल्याच दिवशी माझा हात धरला.

"रिकामी गाडी मापायची नाही, धुरपता. रिकामी गाडी खोटं बोलते. माणूस बसलं की स्प्रिंगच्या कमानी दबतात, चाकं पाय फाकतात. ज्याच्यासाठी गाडी, त्याला बसवायचं, आणि मग मापायचं."

म्हणून मग बाई उजवीकडं स्टेअरिंगवर बसायच्या आणि डावीकडं मी. मालक खाली वाकून दोरी बघायचे. चिलटं चावली तरी हलायचं नाही. मी म्हणायचे, "बाई, माझ्या वजनाला काय सोन्याचा भाव आलाय का?" तर म्हणायच्या, "तू माझ्या गाडीची डावी बाजू आहेस. गप बस."

पुढं बाईंना दुखणं लागलं. येणं जमेना. तर बाईंनी काय करावं? आडत्याच्या काट्यावर जाऊन स्वतःला तोलून घेतलं, तेवढ्याच वजनाची वाळू ज्वारीच्या पोत्यात भरली, दाभण घेऊन स्वतःच्या हातानं तोंड शिवलं आणि पोतं इथं धाडून दिलं. निरोप काय? "मी नसले तरी माझं वजन असू द्या." आम्ही त्याला बाईंचं पोतं म्हणायचो. गाडी आली की पोतं उजवीकडं बसवायचं, त्याला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधायचा, डावीकडं मी बसायचं आणि मापायचं. पोत्याशी मी गप्पाही मारायचे. मालक म्हणायचे, "येडी झालीस." झाले असेन.

थंडीत बाई गेल्या.

चैत्रात त्यांची लेक इरा गाडी घेऊन आली. पोरगी पुण्यात नोकरी करते. आईसारखी उंच, पण अंगानं नुसती काडी. गाडीतनं उतरली आणि किल्ली माझ्या हातात कोंबली.

"मावशी, ही मला मारणार," म्हणाली. "वळणावर मागनं सुटते. येताना कठड्याला लागता लागता राहिली."

मी म्हणाले, "च्या पी. बघतो आमी." ती तिकडं फोनवर बोलत बसली, आणि आम्ही इकडं गाडी फरशीवर घेतली. पोतं बसवलं, मी बसले, मालकांनी दोरी ताणली. सगळं मापात. एक सूतसुद्धा इकडं तिकडं नाही. इराला दिली. ती एकटीच घाटात जाऊन आली, आणि आली तेव्हा ओठ पांढरे पडलेले.

"परत सुटली. दरीकडं तोंड करून थांबली, मावशी. समोर नुसतं आभाळ दिसत होतं."

मग गाडीच्या पायरीवर बसून खरं काय ते बोलली. दुसऱ्या दिवशी पुण्याचा एक शौकीन गाडी न्यायला येणार होता. त्याचा म्हणे मोठा हॉल आहे. तिथं काचेच्या मागं अशा गाड्या जॅकवर चढवून ठेवतो. चाकं जमिनीला लागू देत नाही, टायर खराब होतात म्हणून.

"मला द्यायची नाहीये," इरा म्हणाली. "आई हिच्यात आहे. पण आईची आहे म्हणून मरू का मी? आज घाट नीट चढली तर ठेवते. नाही तर उद्या देऊन टाकते."

माझं डोकंच फिरलं. "चाकं जमिनीला न लागणारी गाडी म्हंजी काय गाडी? मढं झालं ते!"

"मग नीट करून द्या ना!" पोरगीही माझ्यावर ओरडली. बरं वाटलं मला. आईचा आवाज होता त्यात.

मालक गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि इराकडं बघत राहिले. नंतर म्हणाले, "धुरपे, पोर केवढीशी हाय बघ. आणि आपण कुणाला बसवून मापली?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आम्ही सवयीनं पोतं बसवलं होतं. बाई गेल्या, तेरावं झालं, त्यांच्या साड्या वाटल्या, खाट दान दिली, आणि आम्ही इथं अजून त्यांच्याच वजनावर गाडी मापत होतो. पोरगी बसायची ती मेलेल्या माणसाच्या मापात.

मालकांनी सुरी घेतली आणि पोत्याची सुतळी कापायला गेले.

"आवो, थांबा," मी म्हणाले. "बाईंचं वजन हाय ते."

"वाळू हाय," मालक म्हणाले.

आणि कापली. वाळू त्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतली. ओतताना सळसळ लई वेळ चालली. एका पोत्यात केवढी असणार वाळू? पण संपेचना. मी तोंड फिरवलं.

मग इरा उजवीकडं बसली, मी डावीकडं. गाडी नव्यानं मापली. मागच्या कमानी सैल कराव्या लागल्या, पुढची चाकं जोडणारा टाय रॉड फिरवावा लागला. मडगार्ड चाकापासनं किती उंच आहे ते मोजायला आमची एक काठी आहे, तिच्यावर खुणा आहेत. मालकांनी दोन्हीकडं काठी लावली आणि मान हलवली. "आता ही इराची गाडी."

निघालो तेव्हा टळटळीत दुपार होती. लोक रात्रीला भितात. मी म्हणते, चैत्रातली दुपार बघा एकदा त्या जंगलात. सावली पायाखाली जाऊन बसते, पाखरू बोलत नाही, सागाची वाळलेली पानं वारा नसताना करकरतात. तापलेलं कातडं, पेट्रोल आणि धूळ, एवढाच वास.

आधी सगळं झकास होतं. गाडी सरळ धावायची, स्टेअरिंग सोडलं तरी सरळ. इरा हसायला लागली. "मावशी, ही तर फुलासारखी झाली!" फक्त गिअर टाकताना कराकरा दात खायची. दोनदा क्लच दाबायचं तिला जमत नव्हतं. "आईनं लई शिकवलं," म्हणाली, "माझा पायच ऐकत नाही."

रामलिंगच्या फाट्याच्या पुढं कठड्यावर वानरं बसलेली असतात. गाडी हळू झाली की धावत येतात. बाई त्यांना शेंगा द्यायच्या, उजव्या हातानं, एकेकाला, वर्गात खडू वाटल्यासारख्या. आमच्याकडं त्या दिवशी काही नव्हतं. तरी वानरं उतरली. सगळी उजवीकडं आली. एकही आवाज नाही. ओळीनं बसली आणि हात पुढं केले... इराकडं नव्हे. इराच्या जरा मागं, जरा वर बघत होती. बसलेलं माणूस अंगानं मोठं असेल, तर त्याचं तोंड जिथं येईल तिथं.

"काय बघतायत ही?" इरा हळूच म्हणाली.

"चल तू," मी म्हणाले.

पुढं चढ लागला आणि मला जाणवलं. मी त्या गाडीची डावी बाजू, दादा. किती वर्षं त्या शिटावर बसलेय. उजवीकडं कोण बसलंय ते मला डोळे मिटून कळतं. आत्ता फाट्यापर्यंत उजवी बाजू हलकी होती, पोरीची होती. चढावर ती खाली बसली. एकदम नाही. हळू... जड बाई आधी एक पाय आत टाकते, मग अंग टेकवते, मग पदर सावरून मागं रेलते, तशी. कमान कुईं करून दबली. मी इराकडं बघितलं. तिची पाठ शिटाला टेकलेली नव्हती. शीट मात्र मागं दबलेलं होतं.

आणि वेलदोड्याचा वास आला.

काय बोलू? पोरीचे हात स्टेअरिंगवर, पुढं ते मोठं वळण, जिथं गाडी सुटायची. वरचं काही दिसत नाही तिथं, डोंगराचं पोट आडवं येतं.

"मावशी..." इरा म्हणाली.

"काय?"

"गिअर... पडला."

मी पण ऐकलं होतं. दोनदा क्लच, मधे टिचकी, आणि लोण्यात सुरी. कराकरा नाही काही नाही.

"मी क्लच दाबलाच नाही, मावशी..."

"हात सोडू नगं," मी म्हणाले. "पण धरूही नगं घट्ट. नुसती बस. वळणात नुसतं बसायचं असतं."

गाडी वळणात शिरली. इराची वाट मला माहीत होती. ती भिऊन आतल्या अंगाला चिकटायची. गाडी तिकडं गेली नाही. बाहेरच्या अंगानं गेली, दरीच्या कठड्याला घासून, मैलाचा दगड आणि चाक यांच्यात एक पदर मावेल एवढीच फट ठेवून. बाईंची वाट. त्याच वेळी वरनं उसाचा ट्रक आला. आमच्या अंगाला, पूर्ण चुकीच्या बाजूनं, डोंगराला चिकटून, हॉर्न नाही काही नाही. आत असतो तर त्याच्या चाकाखाली गेलो असतो. त्याच्या उसाची पानं माझ्या तोंडाला लागली. डाव्या गालाला, हे बघा, इथं अजून वळ आहे. मग गाडीनं मागची कंबर हलवली, ठसक्यात, आणि आम्ही वर.

भीती वाटली का? वाटली. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीतही माझ्या तोंडातनं शब्द निघाला तो हाच, "वा, बाई!" असं वळण मी जन्मात दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. इरा रडत होती आणि हसतही होती.

इथं परत आलो. मालक काठी घेऊन उभेच होते. इरा उतरली, मी उतरले. गाडी फरशीवर, आत कुणी नाही. मालकांनी डावीकडं काठी लावली. ठीक. उजवीकडं लावली आणि परत लावली.

"दोन बोटं खाली हाय," म्हणाले.

"कमान बसली आसंल," मी म्हणाले.

मालकांनी वाकून बघितलं. कमान ठीक होती. मग ते सरळ उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली, आणि उजवं दार उघडून धरलं. शाळेतलं पोर बाईंसाठी धरतं तसं. गाडी हलकेच वर आली. दोन बोटं. कडुलिंबाच्या बुडाशी ओतलेल्या वाळूवर काहीतरी बसल्यासारखा आवाज आला, आणि मग काही नाही.

इरानं तिथंच पुण्याच्या माणसाला फोन लावला. "गाडी विकायची नाही," म्हणाली. तो काहीतरी जास्त बोलला असेल, तर ही म्हणते, "नाही, एकटीची नाहीये ती माझी." आणि फोन ठेवला. मी तिला जवळ घेतलं. नुसती काडी हो, पण ताठ.

आता ती सुट्टीला आली की गाडी इथं आणते. गाडी चालवते अशी की घाटात लोक थांबून बघतात. क्लच दोनदा दाबायला शिकली. शिकली म्हणते ती, मी काही विचारत नाही.

आणि मापायचं म्हणाल, तर आम्ही नियम मोडलाय. इराला बसवून मापली की उजवी बाजू जास्तच खाली जाते, दोघींची होते. म्हणून आता ती गाडी रिकामीच मापतो. रिकामी आपलं म्हणायचं. दोरी ताणली की सगळं बरोब्बर मापात येतं, बाई असताना यायचं तसं.

हे इतके दिवस होतं, दादा. मला त्याची सवय झाली होती. गाडीपाशी गेले की मी म्हणते, "बसा बाई, मापते," आणि मापते.

आज सकाळी इरा गाडी सोडून तुळजापूरला गेली. दुपारी मालकांनी काठी लावली. उजवीकडं दोन बोटं खाली, ते नेहमीचंच. मग सहज डावीकडं लावली.

तिकडंही दोन बोटं खाली होती, मी बसले की जाते तेवढीच.

मालकांनी लगेच ताडपत्री ओढली आणि बाहेर आले, आणि तेव्हापासनं माझ्याकडं बघायचं टाळतायत. डावीकडं कधी कुणी दुसरं बसलंच नाही, दादा. ती जागा माझी आहे.

मी तर तेव्हा गाडीच्या बाहेर उभी होते, दोरीचं टोक धरून.